ती रेघेबाहेर गेली तर

देवाने माणसाला डोळे दिले ते जगाकडे बघायला; स्वतःच्या पोटाखाली बघायची सोय काही त्याने केली नाही. एरवी त्यावाचून कुणाचं अडत नाही. पण ज्यांचं मूल पोट चिरून बाहेर काढावं लागतं, त्या बायांचं नेमकं तिथेच अडतं. टाके असतात ओटीपोटाच्या खालच्या घडीत, आणि वर पोट अजून ओघळलेलं, रिकाम्या पिशवीसारखं. उभं राहून बघावं तर पोट आड येतं, निजून बघावं तर मान पोचत नाही. मग दुसरा जे सांगेल ते खरं मानून चालायचं.

आणि दुसऱ्याने सांगितलेलं खरं मानणं तिच्या कामातच बसत नव्हतं.

ती कपड्यांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून झालेला प्रत्येक कपडा तिच्या टेबलावर यायचा. ती तो उलटासुलटा करायची, शिवण नखाने ताणायची, आणि कुठे टाका सुटला असेल, कुठे दोरा ढिला पडला असेल, तिथे निळ्या पेनाने गोल करून शेजारी आकडा लिहायची. प्रत्येक दोषाला आकडा ठरलेला होता. शिवणाऱ्या बायकांनी तिचं नाव ठेवलं होतं दुर्बीण. ते तिच्या कानावर आलं होतं, आणि मनातून आवडलंही होतं. त्या टेबलावर ती एक गोष्ट पक्की शिकली होती: एखादी बाई कपड्यावर तळवा ठेवून "काही नाही, काही नाही" म्हणाली, की दोष नेमका त्या तळव्याखाली असतो.

आणि गेले तीन दिवस सासूबाई तिच्या पोटावर तळवा ठेवून "काही नाही" म्हणत होत्या.

तशा सासूबाई हात राखून काम करणाऱ्या नव्हत्या. सकाळी सात वाजता त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या, उकळून वाळवलेल्या सुती फडक्यांची चवड घेऊन यायच्या आणि दाराला कडी लावायच्या. दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवला होता. जखम घासू नका, टिपा. कोरडी ठेवा. मनाने पावडर, मलम लावू नका. बाळापेक्षा जड काही उचलू नका. खोकताना पोटावर उशी धरा. त्या कागदाबाहेर त्या जात नसत. ओठातल्या ओठात देवाचं नाव चालू असे आणि हात इतका हलका, की फडकं टेकलं कधी आणि उचललं कधी ते कळत नसे. पण टिपून झालं की त्या दुर्बिणीच्या छातीवर चादरीचा आडोसा करायच्या आणि म्हणायच्या, वर बघ.

वर बघायला होतं काय? छत. छताला बघून दुर्बीण ऐकायची. सासूबाई खाली वाकायच्या, नाक अगदी जवळ न्यायच्या आणि दोनदा हुंगायच्या. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग काहीतरी गार, टोकदार, मुंगी चालावी तसं, टाक्यांच्या डाव्या बाजूने कातडीवरून फिरायचं.

"काय करताय आई?"

"काही नाही गं. पुसतेय."

फडक्याने पुसणं आणि टोकाने फिरवणं यातला फरक न कळायला ती काल जन्मलेली नव्हती. काल जन्मलेलं म्हणावं तर ते तिचं लेकरू पाळण्यात होतं. तेही आता नऊ दिवसांचं झालं होतं.

खरं सांगायचं तर दवाखान्यातून निघताना सिस्टरने आरसा धरून टाके दाखवायची तयारी केली होती. दुर्बिणीने तेव्हा मान फिरवली. नंतर बघते, म्हणाली. आयुष्यभर लोकांच्या शिवणी ताणून बघितल्या, पण आपल्या अंगावरची शिवण काही तिला बघवेना. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कारखान्यात आठवडाभर हसू पुरलं असतं.

संशयाला माती आधीपासूनच होती. लग्न होऊन घरी आल्यावर सासूबाईंनी तिला स्वतःच्या हातांनी शिवलेला झगा दिला होता. चार पाहुणे बसलेले. हिने झगा घेतला, आणि सवयीने उलटा केला, काखेतली शिवण नखाने ताणली, आणि म्हणाली, इथे दोन टाके वगळलेत. पाहुण्यांमध्ये कुणीतरी खोकलं. सासूबाई हसल्या, झगा परत घेतला आणि पुन्हा कधी दिसू दिला नाही. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं मऊ झालं ते झालं. मऊ म्हणजे किती, की त्यात बोट खुपसावं तरी हाड लागू नये. अशी माणसं दुर्बिणीला फार अवघड जायची. भांडणाऱ्या बाईचं मन कळतं तरी.

मावशी म्हणायची, तू उगाच संशय घेतेस. ही मावशी म्हणजे आईमागे जिने तिला वाढवली ती. गुडघ्यामुळे प्रवास जमत नव्हता म्हणून बाळंतपणाला येऊ शकली नव्हती, आणि त्याची भरपाई रोज फोनवर करायची. पण हुंगण्याची गोष्ट ऐकल्यावर मावशीचाही सूर बदलला. हुंगतात कशाला? आणि कडी कशाला? मावशी म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय बघ. आपलं पोट आपल्या नजरेत हवं, दुसऱ्याच्या नाही.

पाणी कुठे मुरतंय ते कालच दुपारी कळलं, किंवा कळलंसं वाटलं. बाळाला पाजून ती पडली होती, डोळे मिटलेले. सासूबाई स्वयंपाकघरात मुलाशी फोनवर बोलत होत्या. मुलगा, म्हणजे दुर्बिणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. दुसऱ्या गावी नव्या इमारतीचं काम चालू होतं म्हणून पाच दिवस बाहेर होता. सासूबाईंचा आवाज एरवीच हळू, त्यात त्या आणखी हळू बोलत होत्या. पण ज्याला आपल्याबद्दल ऐकायचं असतं त्याच्या कानाला भिंत आड येत नाही.

"ती आज थोडी मागे आलीये," सासूबाई म्हणत होत्या. मग जरा थांबून, "नाही रे, तिला कळू दिलेलं नाही. पण एक सांगते. ती रेघेबाहेर गेली ना, तर मी तुझं काही ऐकायची नाही. त्याच क्षणी गाडी बोलवायची नि घेऊन जायचं. बाळ राहील माझ्याजवळ."

दुर्बीण उशीत तोंड खुपसून तशीच पडून राहिली. ती मागे आलीये. खरंच होतं. सकाळी औषधाच्या वेळेवरून ती काही बोलली नव्हती, मुकाट्याने गोळी गिळली होती. म्हणजे तेसुद्धा मोजलं गेलं होतं. आणि रेघ! सुनेने कुठवर जायचं याची यांनी रेघ मारून ठेवलीये. ओलांडली की गाडी. कुठे नेणार होते तिला? मावशीकडे सोडणार? आणि बाळ इथे.

त्या संध्याकाळी तिला थंडी वाजली. दातावर दात आपटतील अशी, पण दहा मिनिटंच. अंगावर दोन पांघरुणं ओढून तिने ती जिरवली. सासूबाई विचारायला आल्या तेव्हा म्हणाली, दूध भरलंय, त्याने होतं असं. रात्री कपाळ कोमट होतं. तेही तिने बोलू दिलं नाही. आजारी सुनेला घराबाहेर काढणं सोपं, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. या घरातून आता तिला हलायचं नव्हतं. हललीच तर बाळ कडेवर घेऊनच.

आज सकाळी पुन्हा कडी, पुन्हा फडकी, पुन्हा ते गार टोक. आज तिने विचारलंच नाही. अकरा वाजता सासूबाई दोरीवर कपडे वाळत घालत असताना ती न्हाणीघरात गेली. एक पाय स्टुलावर ठेवला, एका हाताने पोट वर उचललं, फोन खाली धरला आणि डोळे मिटून बटण दाबलं. फोटो बघायलाही तिला तीन वेळा देवाचं नाव घ्यावं लागलं.

आधी तिच्यातल्या चेकरने बघितलं. टाके सारख्या अंतरावर, ओढ बेताची, उजवीकडचं टोक तर नमुना म्हणून ठेवावं असं. मग नजर डावीकडे गेली. तिथे कातडी लाल होती. आणि त्या लालीभोवती निळ्या पेनाच्या रेघा होत्या. तीन. एकीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. प्रत्येक रेघेशेजारी इवलासा आकडा. चार. पाच. सहा.

ती स्टुलावरच बसली.

निळा गोल आणि आकडा. चार म्हणजे सुटलेला टाका. पाच म्हणजे डाग. आणि सहा? सहाचा कपडा दुरुस्तीला जात नसे. सहा म्हणजे नाकारलेला माल. तो वेगळ्या टोपलीत पडायचा, आणि मग त्याचं काय व्हायचं ते कुणी विचारत नसे. आज तिच्या स्वतःच्या अंगावर कुणीतरी सहा लिहिला होता.

कारखान्यातले आकडे सासूबाईंना कुठून कळणार, हा साधा प्रश्न त्या वेळी तिच्या डोक्यात आला नाही. संशय एकदा आत शिरून बसला, की साध्या प्रश्नांना बसायला जागा ठेवत नाही.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. दुर्बिणीने पहिलं काय केलं असेल, तर पाळण्यातून बाळ उचललं. मग फोन पुढे केला.

"हे काय आहे?"

सासूबाईंनी चष्मा लावला, फोन दूर धरला, जवळ धरला. त्यांचा चेहरा पडला. पण पकडल्या गेलेल्या माणसाचा पडतो तसा नाही. काहीतरी हातून निसटल्यासारखा.

"तुला नव्हतं सांगायचं," त्या म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. काल ऐकलं मी. ती मागे आलीये, ती रेघेबाहेर गेली तर गाडी बोलवायची, बाळ तुमच्याजवळ. मी काय केलं आई, ते तरी सांगा. दोन टाके वगळलेत म्हटलं, त्याचा एवढा राग?"

सासूबाईंनी फोन खाली ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ती म्हणजे तू नव्हे. ती म्हणजे लाली."

मग लंगोट मांडीवर तसाच धरून त्यांनी सगळं सांगितलं. चार तारखेला टाक्यांच्या डाव्या टोकाला त्यांना लाली दिसली. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, रोज बघा. रेघेच्या आत राहिली तर ठीक. बाहेर गेली, वास आला, पू दिसला, ताप आला, की तासाभराचाही उशीर करू नका. पाच तारखेला लाली आत आली. आज, सहाला, आणखी आत. त्यांना हायसं वाटलं होतं. तिला सांगू या असं त्यांनी मुलाला म्हटलंही. पण तो म्हणाला, तिला सांगितलंस तर ती टाके उसवून बघेल.

दुर्बिणीला हसू आलं नाही. पण नवरा असं म्हणाला असेल यावर तिचा ताबडतोब विश्वास बसला, आणि त्या एका वाक्यामुळे बाकीच्यावरही बसायला लागला.

"आणि बाळ तुमच्याजवळ?"

"तू ऑपरेशनच्या टेबलावर असताना ते कुणाजवळ राहणार? शेजारणीजवळ?"

आपण दवाखान्याची गाडी मावशीच्या गावाला नेऊन पोचवली होती, हे तिला आता कळलं. लाज वाटायला हवी होती. पण लाज वाटायच्या आधी तिने फोन पुन्हा हातात घेतला. नजर स्वस्थ बसेना. फोटोत काहीतरी चुकत होतं. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला.

गोल पुरे नव्हते.

तिन्ही रेघा वरून अर्ध्या उतरत आल्या होत्या आणि पोटाच्या घडीपाशी येऊन थांबल्या होत्या. पालथ्या वाट्यांसारख्या. घडीच्या खाली रेघच नव्हती. आणि तिथे, पाय स्टुलावर ठेवल्यामुळे जी घडी उघडली होती तिच्या आत, लाली चांगली बोटभर खाली उतरली होती. वरून मागे येत होती ती खाली सरकत होती. मधे कातडी तकतकीत ताणलेली, एक टाका मांसात रुतलेला.

"आई, तुम्ही मला निजवून बघता ना? पाय सरळ?"

"हो."

"मग खालची बाजू तुम्हाला कधी दिसलीच नाही."

सासूबाईंनी फोन घेतला. फोटो डोळ्यांपाशी नेऊन बघितला. मग हात पुसायचे नसतानाही ते पदराला पुसले.

"मी म्हटलं बरी होतेय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी देवाचे आभार मानतेय."

"आणि मला काल थंडी वाजली. रात्री तापही होता बहुतेक. दुधाचं नव्हतं ते."

सासूबाईंनी वर बघितलं. त्या नजरेत राग होता, चांगला ढळढळीत. लग्नापासून पहिल्यांदाच तो असा उघड्यावर आला होता.

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही मला घालवाल म्हणून."

यावर बोलण्यासारखं खूप होतं, पण गाडी आधी बोलवायची होती. मुलाचा फोन आला, त्याचं म्हणणं पडलं की संध्याकाळपर्यंत वाट बघा, मी पोचतो. सासूबाईंनी तो ऐकून घेतला, बरं म्हणाल्या, फोन ठेवला आणि गाडीत बसल्या. बाळ सुनेच्या मांडीवर होतं. ते कुणी कुणाला घ्यायला सांगितलं नाही.

दवाखान्यात ताप निघाला. डॉक्टरीणबाईंनी डाव्या टोकाचे दोन टाके कापले आणि आत साचलेलं बाहेर काढलं. त्या म्हणाल्या, उद्यावर टाकलं असतं तर दोनावर भागलं नसतं. जखम आता वरून शिवायची नाही; धुऊन, आत पट्टी भरून, तळापासून भरत येऊ द्यायची. दोन दिवस शिरेतून औषध. अंगावर पिणारं बाळ म्हणून ते आईजवळच ठेवलं, आणि सासूबाई खुर्चीवर बसून राहिल्या. सिस्टरने रेघा बघून विचारलं, या कुणी मारल्या? मारल्यात सुबक. पण खाली का नाही? सासूबाईंनी खरं ते सांगितलं. सिस्टर म्हणाली, घडी उघडून बघायचं मीच सांगायला हवं होतं. तिने ते मान्य केलं याचं दुर्बिणीला फार बरं वाटलं. कारखान्यात असं कुणी म्हणत नाही.

मात्र संशय काही घर सोडून गेला नाही. त्याने नुसती बाजू बदलली. आता सासूबाई तासातासाला सुनेच्या कपाळाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, खरं सांग. बरं आहे म्हटलं तर विश्वास नाही. थर्मामीटर स्वतःच्या हाताने लावायच्या, स्वतः वाचायच्या, आणि मग सुनेलाही वाचायला लावायच्या. एकदा तर तिला नुसती शिंक आली तरी पांघरुणाखाली हात घालून बघितलं, थरथरतेय का. दुर्बीण म्हणाली, आई, मी काही चोर नाही. सासूबाई म्हणाल्या, थंडी चोरलीस ना?

निघायच्या दिवशी सिस्टरने विचारलं, घरी पट्टी कोण बदलणार? सासूबाई पुढे झाल्या, पण मधेच थांबल्या आणि सुनेकडे बघितलं. दुर्बीण म्हणाली, आधी मला आरसा दाखवा. सिस्टरने धरला. या वेळी तिने मान फिरवली नाही. बघितलं. बघून झाल्यावर म्हणाली, आई बदलतील. पण त्या जे बघतील ते सगळं मोठ्याने सांगायचं. गाळायचं काही नाही, गोड करायचं नाही.

"आणि तू थंडी वाजली की सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "दुधाच्या नावावर खपवायची नाही."

सिस्टर त्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. करारच आहे की, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले. कडी लावली नाही. जुनी पट्टी सलाईनने भिजवून हळूच सोडवली, वाकल्या, हुंगलं.

"वास नाही," त्या म्हणाल्या. आवाज अवघडलेला होता. इतक्या वर्षांत त्यांना असं उघडं बोलायची सवय नव्हती. "भोक आहे. बोटाचं एक पेर जाईल एवढं. आत लाल आहे, ओलं, दाणेदार. ते चांगलं असतं म्हणाली ती. कडेला एक पांढरट धागा दिसतोय, तो मला आवडत नाही. विचारायला हवं."

दुर्बिणीच्या कपाळावर घाम आला होता. बाळ कुशीत चुळबुळत होतं.

"अजून?"

"अजून काय, दिसायला वाईटच आहे बाई. काल याहून वाईट होतं."

"खालच्या बाजूला?"

"तिथे दिसत नाहीये. गुडघा वर घे. आणखी. मी धरते पाय, तू उशी धर." दोन थंडगार तळवे तिच्या मांडीखाली गेले आणि पाय उचलला गेला. सासूबाईंचा श्वास जवळ आला, थांबला.

"बोला ना."

"थांब. नीट बघू दे मला."